सहकुटुंब येऊ नये

कर्जतपासून खालापूरपर्यंत कुठंही जा, भोंग्यावर माझ्या आत्याच्या यजमानांइतकं जीव तोडून बोलणारा माणूस सापडायचा नाही. मी त्यांना मामा म्हणतो. लग्नाची पंगत असो, नाहीतर नळाला पाणी नसो, मामा आपल्या रिक्षातून गावभर पुकारत फिरायचे. नुसता कागद वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. कुणाची म्हैस हरवली तर तिचा स्वभावही सांगत: "जरा मानी हाय, प्रेमानं हाक मारा!" लग्नांची सवय तर इतकी, की कोरोनात पहिल्याच दिवशी म्हणाले, "आठवडाबाजार बंद हाय, तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार अगत्यानं येऊ नये!" दारादारांत लोक पोट धरून हसले, आणि बाजाराला खरंच कुणी आलं नाही.

आमचं गाव कळंबच्या पलीकडं. पहिला रुग्ण निघाला वरच्या आळीत, मुंबईच्या ऑफिसात जाणारा. पण पंचायतीनं सूचना काढली ती अशी: 'बौद्धवाडा व कातकरवाडीतील लोकांमुळे रोगाचा धोका असल्याने त्यांनी गावात येऊ नये.' दुसऱ्याच दिवशी रेशनचा तांदूळ वाटायचा होता, आणि दुकान गावात! मी तेव्हा पंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसायचो. सांगितलं ते मुकाट टाईप केलं. मी बौद्धवाड्यातलाच, मामा-आत्याही तिथलेच. लाज वाटली, पण बोटं थांबली नाहीत.

मामांनी कागद वाचला आणि हसत भोंगा सरपंचांपुढं धरला. "साहेब, जे तोंडावर बोलता येत नाय ते मी भोंग्यावर बोलत नाय. तुमी बसा रिक्षात. वाडीत जाऊ, तिथं तुमीच वाचा."

सरपंचांनी भोंगा हातानं बाजूला सारला. मग मला म्हणाले, "काढ रे ती ओळ."

त्या दिवशी वरच्या आळीपासून कातकरवाडीपर्यंत एकेका वस्तीचं नाव घेत मामा ओरडले, "ताप कुणाच्याबी घरात येतो, लपवू नका रं! उद्या रेशनला समदे या, लांब लांब उभं ऱ्हा!" काय सांगू, वरच्या आळीतल्या दोघांनी ताप आपणहून सांगितला, आणि रांगेत सगळ्या वस्त्यांच्या बायका एकमेकींना लांबूनच चिडवत उभ्या होत्या.

हल्ली मामांचा घसा बसलाय. पंचायत रेकॉर्ड केलेली सूचना वाजवते, शुद्ध आणि बेचव. संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा पितो. त्या ओळीची गोष्ट आत्याच्या कानावर गेलेलीच आहे. मध्येच ती विचारते, "कोण मेल्यानं लिवलेलं रं ते?"

मी कपात बघतो. मामा माझ्याकडं न बघता म्हणतात, "जाऊ दे गं. पोराला आणखी चहा दे."