मासळी बाजारातून आलेली प्रतिक्रिया

ती घटना विसरायची म्हटलं तरी विसरता येत नाही. पनवेलच्या मासळी बाजारावरून गेलो की हटकून आठवते, आणि त्या बाजारावरून मला रोज जावं लागतं.

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. एके दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. मोबाइलवर ऐकायच्या एका पॉडकास्टमध्ये त्या गुन्हेगारांच्या मनाविषयी बोलत. त्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका खुनाचं विश्लेषण केलं होतं. नवऱ्याने बायकोला मारलं होतं. असा माणूस आधी बायकोची माणसं तोडतो, मग तिचा फोन, मग येणं-जाणं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर श्रोते तुटून पडले होते. कोणी बायकांना दोष देत होतं, कोणी पुरुषांना, कोणी तर या बाईंनाच. रिकामटेकड्यांच्या असल्या भांडणात माझा काय संबंध, असं मी विचारणारच होतो.

"साहेब, एक प्रतिक्रिया तेवढी ऐका," त्या म्हणाल्या. "ही बाई कोणाशी भांडत नाहीये."

त्यांनी आवाज पाठवला. मागे बाजाराचा गलका होता आणि एक वयस्क बाई बोलत होती.

"बाय, तुमी सांगलं तसाच माजा जावय हाय. माजी पोर फोन उचलत नाय. तुमाला एवढं कलतं, तं माजी पोर कुठं हाय तेवढं सांगा."

नोकरीत मी रडणं, ओरडणं, शिव्या सगळं ऐकलं होतं. पण पॉडकास्टवाल्या बाईंना सगळं ठाऊक असणार, असं समजून पत्ता विचारावा तसं विचारणारी ही बाई मनातून जाईना.

ती आवाजातली बाई सापडायला वेळ लागला नाही. उरणकडची कोळीण, पनवेलच्या बाजारात बसून मासे विकायची. मुलीने प्रेमविवाह केला होता. जावई पुण्याचा, चांगल्या कंपनीत नोकरीला, तळोज्याच्या नव्या सोसायटीत घर. त्या घरात मासळी चालत नसे. मुलगी आठवड्यातून एकदा भाजीच्या निमित्ताने बाजारात उतरायची, आईच्या मागे पाटावर बसून तिच्या डब्यातलं कालवण-भात खायची आणि लिंबाने हात चोळून घरी जायची. गेले दोन महिने ती आली नव्हती. जावई सांगत होता की ती नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आहे, तिला माहेरशी संबंध नको आहेत. मुलीच्या फोनवरून तसे मेसेजही येत होते.

"मग तक्रार का नाही दिलीत?" मी विचारलं.

"काय देऊ, सायब? शेवटली आली तवा रडत होती. मीच बोलली, नवरा हाय, सांभालून घे. मना वाटलं, पोर माज्यावं रुसली."

मुलगी बेपत्ता असल्याची नोंद करून घेतली आणि जावयाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. बसायच्या आधी परवानगी मागितली. असा माणूस ठाण्यात दुर्मीळ, आमचा हवालदार तर त्याला चहा सांगून मोकळा झाला. त्याने न विचारता फोन पुढे केला. 'आई, मी इथे सुखात आहे. काही दिवस मला एकटं राहू दे.' असे पुष्कळ मेसेज बायकोने आईला पाठवले आणि त्यालाही पुढे पाठवले, म्हणाला. ज्याची बायको खरोखर सोडून जाते तो माणूस पोलिसांसमोर चिडतो, लाजतो, निदान तिला नावं ठेवतो. हा सगळं समजावून सांगत होता. ते मला खटकलं, पण खटकण्यावर अटक होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन आईचा फोन बघितला. वरचे सगळे मेसेज आवाजाचे होते, आईचे आणि मुलीचेही. एका ठिकाणापासून पुढे मात्र आईचा आवाज आणि मुलीचं लिहिलेलं उत्तर. ते शेजारी बसणारी मासेवाली वाचून दाखवायची.

"आधी मुलगी लिहून नव्हती पाठवत?"

"मना वाचता येतं का? ती मना लिवंल कशाला?"

ती सहज बोलून गेली. मग आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं. हातातली सुरी तशीच राहिली. समोरचं गिऱ्हाईक पापलेट मागत होतं, ती त्याच्याकडे बघत होती आणि तिला काही दिसत नव्हतं. माझ्या आधी तिला कळलं होतं.

त्याच संध्याकाळी मी जावयाला एकच साधा प्रश्न विचारला. "तुमच्या सासूबाई कितवीपर्यंत शिकल्या?"

"असतील सातवी-आठवी. कधी विचारलं नाही."

"त्या शाळेतच गेल्या नाहीत."

 त्याने पाणी मागितलं. बायकोच्या फोनचं लोकेशन तळोजा सोडून कुठे गेलंच नव्हतं, तो अहवालही मी पुढ्यात ठेवला. त्यानंतर त्याने पंचांसमोर निवेदन दिलं आणि कोन गावाच्या पुढे बायकोचा मृतदेह होता ती जागा दाखवली. तिथलं मी लिहिणार नाही.

आईचा फोन पुरावा म्हणून जप्त करावा लागला. देण्याआधी तिने तो कानाला लावला. मीही ऐकलं. पोरगी हसत विचारत होती, "आये, आज जवला हाय का गं?"

"यात तिचा आवाज हाय, सायब. कवा देशाल?"

खटला संपल्यावर, असं मी सांगितलं. फोन लवकर परत मिळावा म्हणून तिला कोर्टात अर्ज करायला लावला. बचाव पक्षाने हरकत घेतली आणि फोन मुद्देमालाच्या खोलीतच राहिला. ज्या आवाजाने आरोपी सापडला, तोच आवाज आईला ऐकता येत नव्हता. कायदा बरोबर होता. मला मात्र त्या खोलीसमोरून जाताना जड जायचं.

मी निवृत्त झालो. मधल्या काळात मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच प्रकरणावर नावं न घेता कार्यक्रम केला. प्रतिक्रिया आल्याच. शेजारी बसणाऱ्या मासेवालीने त्या वाचायला नकार दिला, म्हणून मी बाजारावरून जात असताना आईने मला थांबवलं. "तुमी वाचा. समदं वाचा."

मी पाटावर बसून माझ्या फोनवर वाचू लागलो. त्याचं बालपण कसं गेलं असेल? एवढा शिकलेला माणूस असं कसं करतो? त्याला उपचार मिळाले असते तर? पुढचं वाक्य आलं आणि मी थांबलो.

"काय लिवलंय?"

"आईला आधी कसं कळलं नाही, असं विचारलंय."

"बराबर इचारलंय," ती म्हणाली. माशांवर पाणी मारत म्हणाली, "समदे त्याचंच बोलतात. माजी पोर कशी होती, ते कोनी इचारलं का?"

नव्हतं विचारलं कोणी. मीही नव्हतं. शेवटची कधी दिसली, अंगावर काय होतं, कोणाशी वाद होता, हे आम्ही घोकल्यासारखं विचारतो. दोषारोपपत्रात आरोपीचं गाव, शिक्षण, स्वभाव सगळं येतं, आणि जी गेली ती पहिल्या पानापासून फक्त 'मयत'. उभ्या नोकरीत जे कळलं नाही ते मला त्या ओल्या पाटावर कळलं. गेलेलं माणूस कसं होतं हे कोणीतरी विचारावं म्हणून मागे राहिलेली माणसं वाट बघत असतात.

मी फोन खिशात ठेवला. "सांगा. कशी होती?"

ती सांगत राहिली. माशाचं डोकं आधी खायची, काट्यांना भ्यायची नाही, तोंडात घास ठेवून बोलायची, बाजारात कोणालाही हाक मारायची. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. माशांवरचा बर्फ वितळला. बाजार उठायला लागला तेव्हा मी उभा राहिलो, तशी तिने माझ्या बाहीला हात लावला.

"उद्या येशाल, सायब? अजून ती लानपनीची सांगाची रायलीय."