जॅकेटांची दोरी

बोटीवरच्या सुरक्षेचं ट्रेनिंग सक्तीचं झालं तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर मीच केली. जन्म खाडीत गेला, आता इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस येऊन आम्हाला पाणी शिकवणार! पण सर्टिफिकेट नाही तर बोट जेट्टीलाच, म्हणून सीवूड्सजवळच्या आमच्या कोळीवाड्यातले सगळे खलाशी गेलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. दोन वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ समुद्रात बुडाला. त्या दिवसाची एक गोष्ट मी बापसापासून लपवली होती.

दोन दिवस हॉलमध्ये गेले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "आता आपापल्या बोटीवर चला. शिट्टी वाजली की एका मिनिटात सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट पाहिजे."

आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, माझा बापूसच. जॅकेटं त्यानं केबिनच्या छताला बांधून ठेवलेली, प्लास्टिकसकट. तपासणीला कोरी दिसावीत आणि कुणी उशाला घेऊ नयेत म्हणून. शिट्टी वाजली. बापूस गाठ सोडवायला लागला. खाऱ्या हवेनं दोरी आवळून लाकूड झालेली. कमरेला सुरी होती, पण तिच्याकडे त्याचा हात गेला नाही. दोरी कापायची नाही, सोडवायची, हा त्याचा कायदा. लहानपणी एकदा कापली म्हणून मी चांगला मार खाल्लाय.

"संपलं मिनिट," म्हणत सर पुढच्या बोटीकडे गेले.

बापूस गाठ चाचपत तसाच उभा राहिला. भाऊ पाण्यात पडला तेव्हा सुकाणू बापसाच्या हातात होतं. जॅकेट आणायला केबिनमध्ये मी एकटाच धावलो होतो. नंतर घरी सांगितलं, लाट आली, काही करायला वेळच मिळाला नाही. खोटं होतं ते. वेळ होता, पण मी ही गाठ सोडवत बसलो होतो.

"त्या दिवशी बी सुटली नाय ना?" त्यानं विचारलं.

"नाय."

"सुरी व्हती ना तुज्याकडं? मंग कापली का नाय?"

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. म्हटलं, "सुचलं नाय, बाबा."

त्यानं सुरी काढून दोरी कापली. एक जॅकेट प्लास्टिकमधून काढून स्वतःच्या हातानं मला घातलं, पट्टे ओढले.

"सुचलं व्हतं तुला," तो म्हणाला. "माज्या धाकानं कापली नाय."