मातीला सोयाबीन पाजणाऱ्या बिराजदार मॅडम

बिराजदार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते नाक दाबून. लातूरच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला मी नांदेडहून नुकताच आलो होतो. स्टाफरूमचं दार उघडलं आणि मुतारीत शिरल्यासारखा वास अंगावर आला. रसायनशास्त्राच्या या बाई चहाच्या टेबलावर ठाण मांडून, दळलेल्या सोयाबीनचं पाणी एका डबाभर मुरमात ओतत होत्या.

"घाबरू नका ओ सर," त्या म्हणाल्या. "अमोनिया हाय. माती बांधायलेय."

मी घाबरलोच होतो. चहाची किटलीही त्याच टेबलावर होती.

पुढे त्यांनीच समजावून सांगितलं. सोयाबीनमध्ये युरिया फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. मुरमात ते पाणी, युरिया आणि कॅल्शियम क्लोराइड मुरवलं, की कणाकणांच्या मध्ये चुनखडी धरते आणि भुसभुशीत मुरूम विटेसारखा कडक होतो. मातीत शिसं मिसळलेलं असलं, तर तेही त्या चुनखडीत अडकून बसतं. मॅडमच्या भाषेत हे सगळं एका वाक्यात मावायचं, "मातीला जरा सोयाबीन पाजायचं, बस."

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदा समोसा खाता खाता सांगितलं. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, वडील गवंडी. घराच्या दगडी भिंती वडिलांनी स्वतः मातीत रचलेल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्याच भिंतींखाली मॅडमची आई आणि धाकटा भाऊ गेले. मी समोसा खाली ठेवला. त्या मात्र चटणी मागून घेत म्हणाल्या, "बापू सगळ्यांला सांगायचे, भिंत पक्की हाय. तवापासून मी पक्कं म्हणतच न्हाई सर. आजवर पडलं न्हाई, एवढंच म्हणते." वर्गातही तेच. पोरांनी "मॅडम, उत्तर पक्कं ना?" विचारलं, की यांचं ठरलेलं, "आजवर चुकलं न्हाई."

पुढे डॉक्टर व्हायला येणाऱ्या पोरापोरींनी लातूर ओसंडून वाहू लागलं आणि आमच्या संचालकांनी मुलींच्या होस्टेलसाठी गावाबाहेर एक प्लॉट घेतला. स्वस्तात मिळाला, कारण तिथं वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्या फोडल्या जात. जमिनीत शिसं होतं, आणि पिण्याच्या पाण्याचं बोअर त्याच जमिनीत होणार होतं. संचालकांनी मॅडमना बोलावून सांगितलं, "तुमची जादू इथं दाखवा." मॅडम लग्नघरातल्या यजमानीणबाईसारख्या धावत होत्या. पिंपंच्या पिंपं सोयाबीनचं पाणी जमिनीला पाजलं. बांधल्या गेलेल्या मातीतून झिरपलेलं पाणी प्रयोगशाळेत तपासलं, तर त्यात शिसं जवळजवळ नव्हतंच. त्या दिवशी त्यांनी स्टाफरूमला पेढे वाटले.

भूमिपूजनाला पालक मांडव भरून आले होते. टेबलावर ताटात त्या जमिनीतलं ढेकूळ ठेवलेलं. संचालकांनी त्यावर हातोडी मारली, ढेकूळ फुटलं नाही, टाळ्या पडल्या. मग मॅडम बोलायला उठल्या. मला वाटलं, आता सोयाबीनपुराण.

त्यांनी पालकांनाच विचारलं, "होस्टेलातल्या मोऱ्या कशानं घासतेत?"

"ॲसिडनं की," पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

मॅडमनी पिशवीतून तीच मोरीच्या ॲसिडची बाटली काढली आणि ढेकळावर ओतली. फसफस करत फेस वर आला आणि बघता बघता ढेकळाचा ताटभर चिखल झाला.

"काल आपल्या जुन्या होस्टेलात मावशी मोरी घासायल्या होत्या, तवा माझ्या ध्यानात आलं," त्या म्हणाल्या. "दर ऐतवारी ही बाटली तिथल्या मोऱ्यांत ओतणार. एखादा पाइप गळला, की ॲसिड जमिनीत, आन् अडकलेलं शिसं मोकळं. मग ते बोअरमध्ये. तेच पाणी पोरी पिणार."

मग अर्धापूरचे एक गृहस्थ उठले, "लई उपकार झाले मॅडम," म्हणाले आणि मुलीचा हात धरून चालू लागले. त्यांच्यामागं सगळा मांडव रिकामा झाला.

संचालक संतापले होते. "हे केबिनमध्ये सांगता आलं नसतं?"

"आलं असतं की. तुम्ही ऐकूनबी घेतलं असतं सर. आन् बोअर चार हात लांब घेऊन होस्टेल बांधलं असतं."

मला खरा धक्का पुढंच बसला. संचालकांनी "नसतं बांधलं" असं म्हटलंच नाही. मान खाली घालून ते गाडीत जाऊन बसले.

होस्टेल रद्द झालं आणि मॅडमची नोकरीही गेली. देगलूरच्या एका कॉलेजात त्यांना काम मिळालं. त्यांना बसवर सोडायला मी गेलो होतो. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "मॅडम, तुमच्यामुळे पोरी वाचल्या."

त्यांनी मान वळवली, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी. भूकंपाचं सांगताना न रडलेली ही बाई भर स्टँडवर लहान मुलीसारखी हुंदके देत होती.

"जमलं होतं ओ सर," त्या म्हणाल्या. "मातीनं धरलं होतं. तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं मॅडम," मी म्हणालो.