कसबा पेठेतील न केलेली पाहणी

अशा गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. वय चोपन्न, व्यवसायाने वास्तुविशारद. जे लिहितो आहे त्यात भीतीपेक्षा शरम अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कसबा पेठेतल्या काही जुन्या घरांत फेरबदल करायचा असेल, तर प्रस्ताव वारसा समितीपुढे येतो. त्या समितीसाठी मी घरांची पाहणी करून अहवाल देत असे. नकाशात पाडायचा भाग पिवळा, नवा तांबडा. तेवढे पाहिले की निम्मे काम झाले... असे मला वाटू लागले होते.

दोन वर्षांपूर्वी दिगंबरराव या निवृत्त शिक्षकांचा प्रस्ताव आला. अर्धांगवायूनंतर ते वरच्या मजल्यावरून खाली उतरूच शकले नव्हते. घरातला उभा, अरुंद लाकडी जिना काढून तिथे बुटक्या पायऱ्यांचा जिना बांधायचा होता. पाहणी गुरुवारी ठरली. त्याच दिवशी हडपसरला भाचीचा साखरपुडा होता. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. शुक्रवारी फायलीतले फोटो पाहून, गुरुवारची तारीख घालून मी लिहिले – ‘प्रत्यक्ष पाहणी केली. कोरीव जिना जतन करावा. प्रस्ताव नामंजूर करावा.’ वर अडकलेल्या माणसाबद्दल एक ओळही नव्हती.

तीन महिन्यांनी त्याच घराचा सुधारित प्रस्ताव आला. जुना जिना जागच्या जागी. नवा मागच्या मोकळ्या चौकातून, मध्ये दम खायला दोन रुंद टप्पे. हे सुचले कुणाला, या कुतूहलाने मी या वेळी खरोखरच गेलो.

दिगंबररावांच्या पत्नी मालतीबाई यांनी दार उघडले. मी नाव सांगण्याआधीच म्हणाल्या, “या. चहात साखर नाही, लक्षात आहे माझ्या.”

वर गेल्यावर मी दिगंबररावांना विचारले, हा नकाशा सुचवला कुणी?

“साहेब, थट्टा करता का? तुम्हीच की.”

त्यांच्या सांगण्यानुसार त्या गुरुवारी दुपारी मी दोन तास तिथे होतो. चौक मोजला, त्यांना धरून चार पावले चालवले, पाय किती उचलला जातो ते टेपने पाहिले. पहिला प्रस्ताव नामंजूर होईल, मग हा द्या, असेही सांगितले. उशाखालून त्यांनी एक कागद काढला. त्यावर चौकाचे कच्चे रेखाटन होते. अक्षर माझे होते. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारण्याची खोडसुद्धा. मी खाली जाऊन चौक मोजला. एकही माप चुकलेले नव्हते.

पुन्हा वर आलो आणि त्यांच्यासमोर बसून सांगितले, “मी त्या दिवशी आलोच नव्हतो. अहवाल खोटा होता.”

दिगंबररावांनी कागद पुन्हा उशाखाली ठेवला. मग मालतीबाई म्हणाल्या, “आला होता तो कोण, ते तुम्ही शोधा. आम्हाला माणूस बरा वाटला.”

दिगंबरराव एवढेच म्हणाले, “आजचा अहवाल तरी इथे बसून लिहा.”

मी तिथेच लिहिला. पहिल्या अहवालाबद्दल समितीला लेखी कबुली दिली आणि पाहणीचे काम सोडले. साखरपुड्याचे फोटो अनेकदा पाहिले आहेत – दुपारच्या पंगतीत मी स्पष्ट दिसतो. मी विसरलो असेन, कुणी नक्कल केली असेल... सगळे ताडून पाहिले. कुठलेच जुळत नाही.

जिना पूर्ण झाला त्या सकाळी त्यांनी मला बोलावले. पहिल्या पायरीपाशी दिगंबररावांनी हात पुढे केला.

“त्या दिवशी धरलं होतंत, तसंच धरा.”

मी त्यांना धरले. त्या दिवशी कसे धरले होते, ते मला ठाऊक नव्हते.