पिंपळाकडची खोली

आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करत होते. शेवटचं सेमिस्टर, थीसिसचा विषय ‘माणसाला बरं करणारी वास्तू’. पेशंट कसा बरा होतो यावर मी तासभर बोलू शकायचे. फक्त तोवर एकाही पेशंटच्या उशाशी बसले नव्हते.

घाटकोपरच्या हॉस्पिटलात मी काउंटरवर हट्टच धरला. एकटीची खोली हवी, मोठी खिडकी हवी आणि खिडकीतून झाड दिसायला हवं. शांतता, उजेड, हिरवळ, माझ्या थीसिसचं पहिलं प्रकरणच की! काउंटरवरची बाई म्हणाली, “मॅडम, एसी चालतो का ते बघा ना, झाडाचं काय लोणचं घालायचंय?” मला तिची कीव आली. झाड मिळालं, खिडकी भरून मिळालं.

ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी आईनं नीट डोळे उघडले, खिडकीकडे पाहिलं आणि ओरडली, “पडदो लाव आधी!”

“अगं, झाड आहे ते.”

“पिंपळ आसा तो! मुंजो रवता त्याच्यात. थंय बसान माकाच बघता.”

लागली वाट. झाड दिसलं की माणूस लवकर बरा होतो, असं आम्हाला शिकवलं होतं. कुठलं झाड, ते कुणी सांगितलं नव्हतं. आईला मालवण सोडून जन्म गेला, पण तिकडची भुतं ती सोबत घेऊन आली होती.

पडदा लागला. उजेड गेला, हिरवळ गेली, उरली नुसती शांतता. डॉक्टरांनी बजावलं, लगेच चालवा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. आई उठायचं नाव घेईना. “चलान खय जावचा?” म्हणायची. खरंच, कुठे? भिंतीपर्यंत? घरात पायाला भिंगरी लागलेली ही बाई त्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी समजावलं, चिडले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. ही आता कधीच चालणार नाही, असं वाटायला लागलं होतं.

एका दुपारी नर्स दार उघडं टाकून गेली. समोर जनरल वॉर्ड, भेटायची वेळ. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे डबे, पेज, पोरंबाळं घेऊन अख्खं बिऱ्हाड निघतं. असला गोंधळ टाळावा म्हणून मी थीसिसच्या नकाशात वॉर्ड आणि खोल्यांच्या मध्ये दोन दारं घातली होती. त्या गोंधळातून एका बाईचा ठणठणीत आवाज आला, “बांगड्याच्या कढीत तिरफळां कित्याक व्हयी? काय गरज नाय!”

आईनं मान वळवली. “कोण गो ती?”

“असेल कुणीतरी. तू पड.”

“तिरफळां नको म्हणता? वॉकर दी माका.”

उठली! कण्हत, मला आणि वॉकरला शिव्या घालत ती पॅसेज ओलांडून गेली. मी मागून, एक हात पसरून, दुसऱ्यानं डोळे पुसत.

संध्याकाळी तिनं त्याच वॉर्डात कॉट मागून घेतली, त्या बाईच्या शेजारची. भांडण अजून मिटलं नव्हतं. मी स्टुलावर पेंगत होते.

“मी बरी आसय हय,” आई म्हणाली. “ती खोली उद्यापर्यंत आपलीच ना? तू जावन नीज थंय. डोळे बघ तुझे. तुकाच गरज आसा तेची.”

मी उठले.

“आणि पडदो उघडू नको हां.”

खोलीत गेले. पडद्याला फट राहिली होती, झोपण्याआधी तीही नीट बंद केली.