रामधनच्या घुगऱ्या

रामधन राठोड तापट आहे असं अख्खा तांडा म्हणायचा. माझं मत वेगळं होतं. रामधन दचकायचा, आणि दचकलेलं कोणाला दिसू नये म्हणून ओरडायचा. मागून कोणी हाक मारली की ओरडला, भांडं पडलं की ओरडला, मांजर आडवं गेलं की त्याने मांजराच्या सात पिढ्या काढल्या. मिशा मात्र अशा, की पाहणाऱ्यानेच दचकावं.

मी फुलसावंगीकडच्या ढोरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचो. माणसांना कंटाळून ही नोकरी धरली होती, पण ढोर एकटं कुठे येतं? मागे माणूस येतोच. तसा रामधन यायचा, पहिलवानाला घेऊन.

पहिलवान हा त्याचा बैल. नाव जन्मल्याबरोबर ठेवलं, स्वभाव नंतर कळला. बोंडअळीने कापूस खाल्ला ती सालं. माणसं फवारून फवारून थकायची आणि अळी मजेत राहायची. पहिलवानाची माय दावं तोडून ताज्या फवारलेल्या कपाशीत शिरली आणि तिथेच पडली. तेव्हा हे पोर जेमतेम उभं राहायला शिकलेलं. घरात दुसरी गाय नव्हती. रामधन आणि त्याची बायको धुरपताबाई दिवसभर वावरात, वासरू गोठ्यात एकटं आणि उपाशी, दारात कुत्री येऊन भुंकून जायची. संध्याकाळी धुरपताबाई शेळीचं दूध घेऊन यायची, तेवढंच काय ते त्याच्या दिवसात बरं घडायचं.

वाढला मात्र देखणा. पण छत्रीला भ्यायचा, कुकरच्या शिट्टीला भ्यायचा, दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याला भ्यायचा. एकदा ग्रामसेवकाने उन्हासाठी डोक्यावर पेपर धरला, तर पहिलवान कोळपणीच्या डवऱ्यासकट शेजाऱ्याच्या तुरीत घुसला, आणि त्याच्यामागे रामधन ओरडत. हा ओरडला की तो पळायचा, तो पळाला की हा आणखी ओरडायचा. मालकाला शोभणारा बैल मी तरी दुसरा पाहिला नाही.

पोळ्याला त्याने हद्द केली. ढोल वाजला आणि पहिलवान तोरण शिंगात घेऊन थेट देवीलाल नायकाच्या अंगणात, पुरणपोळीच्या पातेल्यापर्यंत गेला. तांडा वर्षभर हसला. दुसरा पोळा जवळ आला तेव्हा रामधनने जाहीर केलं की यंदा हा तोरणाखालून सरळ गेला तर ठीक, नाहीतर ढाणकीच्या बाजारात नेतो. बिथरणारा बैल तिथे कोण घेतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तो परत वावरात जात नाही.

धुरपताबाईने ओठ शिवले. तिच्या गप्प बसण्याने रामधन जास्तच दचकू लागला, आणि शेवटी दोघं बैलाला घेऊन आमच्याकडे आली.

आमच्या डॉक्टरीणबाई नव्या होत्या, पण ऐकून घ्यायच्या. त्यांनी सगळं विचारलं आणि मग समजावलं, की पिल्लाचा मेंदू पहिल्या दिवसांत घडत असतो. माय चाटते, अंगाशी घेते, तेव्हा त्याला कळतं की जग बरं आहे. तेव्हा नुसती भीतीच मिळाली तर मेंदूतला राखणदार कायमचा जागा राहतो, पुढे काही धोका नसला तरी. उंदराच्या पिल्लांवर हे पाहिलेलं आहे. मायेपासून तोडलेली पिल्लं मोठी होऊनही खुट्ट झालं की दचकतात. यावर गोळी नाही. लहानपणी ज्याने धीर वाटला ते जवळ ठेवायचं आणि वाट पाहायची.

धुरपताबाईने मान हलवली, तशा तिच्या कानांजवळ बटांना बांधलेल्या चांदीच्या घुगऱ्या घुंगरांसारख्या वाजल्या. पहिलवानाने लांब श्वास सोडला आणि तिच्या खांद्यावर मान टाकली. दूध यायचं तेव्हा हाच आवाज यायचा ना.

मग धुरपताबाईने बैलाकडे पाहिलं आणि बैलाकडून नवऱ्याकडे. रामधन रांगत होता तेव्हाच त्याची माय गेली, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माह्याकडं काय पाह्यतं?" रामधन ओरडला. पहिलवान टेबलाला धडकला.

आता अडचण अशी, की पोळ्यात बैल धरायचा बाप्याने. बायकांनी ओवाळायचं ते घरी. म्हणून रामधनने बायकोकडे घुगऱ्या मागितल्या. आम्हा बंजाऱ्यांत नवरा असेपर्यंत बाई घुगऱ्या उतरवत नाही हे तो तांड्यात जन्मून विसरला.

धुरपताबाई शांतपणे म्हणाली, "देतो ना. पन त्याच्यासाठी आंधी तुमाले मरा लागते."

रामधनने थोडा विचार केला, हे मला धुरपताबाईनेच सांगितलं. मग तो घरात गेला आणि जुनी पेटी उघडली. तिच्यात त्याच्या मायच्या घुगऱ्या होत्या, काळ्या पडलेल्या. त्याने त्या राखेने घासल्या.

पोळ्याच्या दिवशी रामधन आला तो पटक्याला दोन्ही बाजूंनी घुगऱ्या बांधून. मधे त्या मिशा. देवीलाल नायक झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणत होता, त्याला पुढची ओळच सुचेना. पोरं लोळून हसली. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

ढोल वाजला. बैल दचकला आणि मालकही दचकला. रामधनने ओरडायला तोंड उघडलं, पण दचकताना मान हलली होती आणि घुगऱ्या त्याच्याच कानाशी वाजल्या. तोंड तसंच उघडं राहिलं. मग ते हळूच मिटलं.

"आव बेटा, आव," तो म्हणाला. त्याचा इतका हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. दोघं तोरणाखालून चालत गेले.

ढाणकीचा बाजार राहिला. पुढल्या हंगामात मी त्यांच्या वावराजवळून जात होतो. पहिलवान डवरा ओढत होता, बांधावर कोणाची तरी छत्री उघडी होती आणि तो तिच्याकडे पाहतही नव्हता. मागे रामधन, पटक्याला घुगऱ्या. मी मागून हाक मारली. तो वळला आणि हसला.

धुरपताबाई निंदत होती. मी तिला म्हटलं, बैल तर आता धीट झाला, मग या माणसाला कशाला अजून हे ओझं?

"बैलाले कव्हाचंच नाई लागत, भाऊ," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "आता ह्यायले लागते."