परमुलखात काढलेली दृष्ट

नवरा जहाजावर असला की बायकोचा भूगोल पक्का होतो, असं मी शिकवते त्या शाळेतल्या बाई मला चिडवतात. पक्का कसला डोंबलाचा. कशेडी घाटाच्या पलीकडे मी फारशी कधी गेले नाही, आणि पासपोर्ट तर काढलाच नव्हता. म्हणून नवरा स्पेनमधल्या एका बंदरात आजारी पडला, तेव्हा मी कापडे गावातल्या घरात नुसती हात चोळत बसले.

त्याचं अपेंडिक्स फुटलं होतं. दुखायला लागलं भर समुद्रात, आणि बंदर येईपर्यंत विष पोटात सगळीकडे पसरलं. ऑपरेशन झालं, पण ताप उतरेना आणि धड शुद्धही येईना. जहाजाला कुणासाठी थांबता येत नाही. माल उतरवला, नवा भरला आणि त्याला दवाखान्यात ठेवून ते पुढे गेलं. कंपनीच्या ऑफिसातून फोन यायचा, ‘उपचार चालू आहेत, मॅडम.’ माणूस वाचेल का, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

मग एका दुपारी मी शाळेत असताना अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पांढऱ्या केसांची, साठी उलटलेली एक बाई होती. गळ्यात लहानसा क्रूस. बंदरात येणाऱ्या खलाशांसाठी चर्चने एक घर चालवलंय आणि मी तिथं काम करते, असं तिनं सांगितलं. या घरांबद्दल नवरा सुट्टीवर आला की बोलायचा. ‘बऱ्याच बंदरांत असतं गो असं घर. गाडी घेऊन न्यायला येतात, चहा देतात, वायफाय देतात, थंडीत लोकरीची टोपी देतात, आणि वर पैसे घेत नाय.’ मी म्हणायचे, पुड्या सोडू नकोस. आता त्या घरातलीच बाई माझ्यासमोर बसली होती.

तिनं फोन वळवला आणि मला तो दिसला. दाढी वाढलेली, नाकात नळी, ओठ कोरडे पडलेले. कंपनीच्या इतक्या फोनांनंतर पहिल्यांदा मला माझा माणूस दिसत होता. मी रडले. माझं रडणं संपेपर्यंत ती थांबली, आणि माझ्याइतक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ‘मी रोज येईन. त्याला एकटं ठेवणार नाही.’

ती खरंच रोज यायची. आमच्या घरात व्हिडिओपुरती रेंज नाही, म्हणून शाळा सुटली की मी सासूबाईंना घेऊन देवळाच्या पायऱ्यांवर बसायचे. तिकडे ती त्याचे ओठ ओल्या कापसाने टिपायची, नखं कापायची, तिच्या भाषेत त्याच्याशी काहीबाही बोलायची. आपल्याकडे दवाखान्यात डबा न्यायचा म्हटलं तरी सख्ख्या जावांमध्ये पाळ्या लागतात. आणि ही कोण कुठली, ना नात्याची ना गोत्याची. माझ्या डोक्यात ते मावायचंच नाही.

माझा चुलतदीर मुंबईला असतो. त्याने फोनवर बजावलं, ‘वहिनी, फ्रीमध्ये कोण काय देत नाय. बाटवतील त्याला, ध्यान ठेवा.’ किडा त्याने सोडला, आणि तो माझ्याही डोक्यात वळवळत राहिला. नेमकं दुसऱ्याच दिवशी त्या बाईने विचारलं, ‘मी त्याच्यासाठी प्रार्थना केली तर तुम्हाला चालेल का?’ मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘आधी इचारलान ना तिनं? जबरदस्ती कराची असती तर इचारती कशाला? घेऊ दे तिच्या देवाचं नाव.’

ताप मात्र हटत नव्हता. शेवटी डॉक्टर जे म्हणाले ते तिनं मला सरळ सांगितलं. औषध बदललंय, पण यानेही उतार पडला नाही तर आशा धरू नका. मी ते सासूबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, ‘गो, तिला सांग, त्याची दृष्ट काढ म्हणावं.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘आई, ती ख्रिस्ती आहे. आणि तो आयसीयूत आहे.’

‘मग काय झाला? तिला हात नायत?’

मी अडखळत सांगितलं. त्या बाईने विचारलं, ‘ही तुमची प्रार्थना आहे का?’ मी म्हटलं, ‘आमच्याकडे आई करते हे.’ ती म्हणाली, ‘काय काय लागेल?’

मोहऱ्या-मिरच्या तिथं कुठून मिळायच्या? सासूबाई म्हणाल्या, नुसतं मीठ चालेल. कँटीनमधून मिठाची पुडी आली. बाईने फोन टेबलावर उभा केला. इकडे सासूबाईंनी मूठ वळली आणि हवेत ओवाळायला लागल्या, तिकडे ती त्यांच्याकडे बघून ओवाळायला लागली. पण दोघी समोरासमोर, त्यामुळे तिचा हात डावीकडून फिरला.

‘उलटी नको, उलटी नको,’ सासूबाई घाबऱ्या झाल्या. ‘उलटी काढली तर उतरायची ती चढंल.’ ती बाईही घाबरून मूठ छातीशी धरून उभी राहिली.

मी पहिलीच्या मुलांना कवायत शिकवते, त्यामुळे हा घोटाळा मला रोजचा. म्हटलं, ‘आई, तुम्ही फोनकडे पाठ करा. मग तिचा हात बरोबर फिरेल.’

‘लेकराकडं पाठ करू?’

त्या पडद्याएवढ्या लेकरासाठी त्या अख्खा दिवस काढायच्या. त्यांनी त्याला एकदा डोळे भरून पाहिलं, आणि देवळाच्या दाराकडे तोंड करून बसल्या. मग त्यांची मूठ डोक्यापासून पायापर्यंत हळूहळू फिरली, आणि पडद्यावर ती दुसरी गोरी, सुरकुतलेली मूठ अगदी त्याच चालीने माझ्या नवऱ्यावरून फिरली. आल्यागेल्याची, वाटेवरची, घरची-दारची, असं सासूबाई पुटपुटत होत्या. त्यातलं अक्षर कळत नसताना ती बाईही ओठ हलवत होती. एक नर्स ट्रे घेऊन आली आणि दाराशीच थांबली. देवासमोर उभं राहिल्यावर जे वाटतं म्हणतात, ते मला देवळात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी पायरीवर बसून फोनकडे बघताना वाटलं.

ते मीठ तिने घरी जाताना समुद्रात टाकलं, सासूबाईंनी सांगितलं होतं तसं.

दृष्ट काढल्याने ताप उतरला असं मी वर्गात सांगणार नाही. नवं औषध लागू पडलं. पण ताप उतरला हे खरं. आणि एका संध्याकाळी कॉल चालू असतानाच त्याने डोळे उघडले. फोन त्याच्या नजरेत आला नाही. जवळ बसलेल्या बाईचे, सासूबाईंसारखेच पांढरे केस दिसले. त्या केसांकडे बघत तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘आये, जाऊ नको.’

अरे, आई इकडे आहे, इकडे बघ, असं मी ओरडणारच होते. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

‘काय म्हणाला तो?’ बाईने हळूच विचारलं. मी सांगितलं. ती एकदम अवघडली, त्याच्या खांद्यावरचा हातसुद्धा तिने मागे घेतला, आणि सासूबाईंकडे बघत राहिली.

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. ‘तिला सांग, नाय जात, असं म्हण. दोनच शबुद हायत, येतील तिला.’

मी तिला ते दोन शब्द सांगितले. तिने ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. सासूबाईंनी मान हलवली. मग ती खाली वाकली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘नाय जात.’

त्याने डोळे मिटले. सासूबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, आपला आवाज त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून.